आमची उघड्या टपाची गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात माणसं चार आणि मतं पाच होती. पाचवं मत अर्थातच शेजारच्या काकूंचं. ह्यांचं म्हणणं, बंद आणि थंड हवेची, मागे भरपूर जागा असलेली गाडी घ्यावी, म्हणजे दळणाच्या डब्यापासून दिवाळीच्या फराळापर्यंत सगळं मावेल. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येला रंग लाल हवा होता, बाकी काही चालेल. सासूबाई म्हणाल्या, "मला काय विचारता? मला कुठं जायचंय?" आणि मला हवी होती टप उघडणारी गाडी.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी, भिशीचा हिशेब चोख ठेवणारी, रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, आणि मला म्हणे सिनेमातल्यासारखी उघडी गाडी हवी! 'आराधना' १९६९ चा. त्यातल्या उघड्या जीपमध्ये गाणं म्हणणारा राजेश खन्ना आपल्या आयांच्या पिढीनं डोळे भरून पाहिला. पण त्या जीपमध्ये बसलेले दोघेही पुरुष होते, आणि शर्मिला टागोर होती आगगाडीत, खिडकीच्या आत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

खरं सांगू? माझ्या हट्टाचं मूळ सिनेमात नव्हतंच. ते होतं पिंपळगाव बसवंतला, माझ्या मामाच्या अंगणात. मामाकडे एक जुनी जीप होती. वर ताडपत्रीसारख्या जाड कापडाचा टप आणि दोन्ही बाजूंना त्याच कापडाचे पडदे. पडद्यांत पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकोनी खिडक्या. द्राक्षांच्या हंगामात मामा आणि गडी माणसं निघाली की पडदे गुंडाळून वर बांधलेले असत. वणीला देवीच्या दर्शनाला घरच्या बायका निघाल्या की आजोबा स्वतः येऊन दोन्हीकडचे पडदे खाली सोडत आणि बंद गच्च आवळत. आई, मामी, मावशी मागच्या आडव्या बाकांवर समोरासमोर बसायच्या. धूळ मात्र पडद्याखालून व्हायची ती आत यायचीच. मी त्या पिवळ्या खिडकीला नाक लावून बसे. सप्तशृंगीचा डोंगर मी आठव्या वर्षापर्यंत पिवळाच पाहिला आहे.

तर टप. टांग्याला असायचा, आजही रिक्षाला असतो, बाळाच्या बाबागाडीलाही असतो. लोखंडी किंवा लाकडी कमानींवर ताणलेलं कापड, हवं तेव्हा मागे घडी करता येणारं. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी अशाच होत्या. पक्क्या छपराची बंद मोटार तेव्हा महाग पडायची. १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बंद मोटारी स्वस्त झाल्या आणि टप मागे पडला. पुढे तर अमेरिकेतल्या कॅडिलॅकनं १९७६ साली आपली एल्डोराडो 'शेवटची उघडी मोटार' म्हणून विकली. लोकांनी आठवण म्हणून घेऊन ठेवल्या, आणि १९८२ मध्ये क्रायस्लरनं पुन्हा उघडी गाडी बाजारात आणलीच! आपल्याकडे टप जिवंत ठेवला तो जीपनं. १९४५ साली लुधियानात 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत अमेरिकन विलीस जीप जोडायला त्यांनी सुरुवात केली. माझ्या मामाची जीप त्याच कुळातली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, तीही टपाची. आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार विक्रीला आली, ती तर आमच्या नाशिकच्याच कारखान्यात बनलेली. तिच्या काही प्रकारांना टणक छप्पर होतं आणि एका प्रकाराला मागे घडी होणारा कापडी टप. इंग्रजीत जिला कन्व्हर्टिबल म्हणतात ती हीच.

तेव्हा तिची किंमत ९ लाख ८० हजारांपासून सुरू झाली होती. नवी घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची बदली झाली आणि त्यांची टपाची थार विकायला निघाली. मी माझ्या पगारातून पाच वर्षं भरलेली आवर्ती ठेव मोडली. "निम्मे पैसे माझे, तर निम्मं मत माझं," असं मी हसत म्हटलं खरं, पण आतून धाकधूक होतीच. गाडी दारात आली ती काळी. कन्या दोन दिवस रुसली होती.

शाळेत पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. आपल्या गावात उघड्या गाडीतून जाताना आपण तिघांनाच पाहतो : निवडून आलेला उमेदवार, नवरदेव आणि पोलीस. मी फाटकातून आत शिरले तर एक सहशिक्षिका म्हणाल्या, "काय बाई, कुठल्या वॉर्डातून उभ्या आहात?" त्या दिवशी मला हसू आलं. पुढचे काही दिवस मात्र मी टप लावूनच शाळेत गेले. पडदे आपले आपणच सोडायचे, त्याला आजोबांची गरज नसते! आठवडाभरानं माझाच मला राग आला आणि टप उघडला.

आता मैत्रिणींनो, या गाडीतलं सुख आणि त्रास दोन्ही प्रामाणिकपणे सांगते, कारण ज्याच्या-त्याच्यापाशी नुसतं कौतुक करून मी एकीला जवळजवळ अशी गाडी घ्यायला लावली होती. तिच्या घरी माणसं सहा. ही गाडी चौघांची. मागच्या बाकावर जायचं तर पुढचं आसन वाकवून, अंग चोरून शिरावं लागतं. टप लावला तरी वाऱ्याचा फडफडाट ऐकू येतो, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर बोलायचं तर ओरडून. कापड चाकूनं कापता येतं, म्हणून आत पर्स तर सोडाच, भाजीची पिशवीसुद्धा ठेवून जाऊ नये. लिटरला दहा-बारा किलोमीटरच्या वर ती आम्हांला कधी गेली नाही. एप्रिलमधल्या दुपारी टप उघडणं हा शुद्ध वेडेपणा. आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारीच्या मागे उघड्या गाडीत बसलं तर घरी येऊन रुमाल पाहावा!

पण फेब्रुवारीत सकाळी दिंडोरी रस्त्यानं जावं. द्राक्षबागा भरलेल्या असतात आणि बंद काचेतून जो कधी कळला नाही तो वास दोन्ही बाजूंनी अंगावर येतो. डिसेंबरात निफाडकडची थंडी ठाऊकच आहे. अशा वेळी कानाला मफलर, अंगावर शाल, गाडीची गरम हवा पायांवर सोडायची आणि टप उघडा. पाय उबदार आणि नाकाचा शेंडा गार. आमच्या कन्येनं याला 'चुलीपाशी बसून आभाळ बघणं' असं नाव ठेवलं आहे.

एक गंमत लक्षात ठेवा. उघड्या गाडीत वारा समोरून लागेल असं वाटतं, पण समोरच्या काचेवरून गेलेला वारा मागून वळून येतो आणि केस तोंडावर येतात. वेणी घट्ट घालावी, गजरा घरी ठेवावा. ओढणी किंवा पदर कधीही मोकळा सोडू नये. इझाडोरा डंकन नावाची फार मोठी अमेरिकन नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या नीस गावी उघड्या मोटारीतून निघाली. तिच्या गळ्यातला लांब रेशमी रुमाल चाकात गुंतला आणि ती जागच्या जागी गेली. आपल्याकडे स्कूटरवर ओढणी अडकून होणारे अपघात आपण वाचतोच. स्कार्फची टोकं आत खोचायची, पदर कमरेला. सुटे कागदही नकोत. हा धडा मी आठवीच्या चाचणीचे बत्तीस पेपर गंगापूर रस्त्यावर उधळून शिकले. एकोणतीस सापडले. उरलेल्या तिघींची तोंडी परीक्षा घेतली आणि अपराधी मीच असल्यामुळे तिघींनाही सढळ हातानं गुण दिले.

आणि पट्टा. टप उघडा असो वा लावलेला, कापड ते कापडच, ते उलटलेल्या गाडीत कुणाला वाचवत नाही. वाचवतो तो आतला लोखंडी सांगाडा आणि कमरेचा पट्टा. ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२० सालच्या धडक-चाचणीत थारला मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षिततेसाठी पाचापैकी चार तारे मिळाले, पण ते तारे पट्टा लावणाऱ्यांसाठी आहेत. चालत्या गाडीत मुलांना उभं राहू देऊ नका, कितीही लाडात आली तरी. आमच्याकडे नियम आहे : पट्टा सुटला की टप लागला.

टपाची निगा म्हणजे निम्मं घरकामच, त्यामुळे ते आपोआप माझ्याकडे आलं. (ह्यांचं मत : 'कापडातलं तुलाच कळतं.') पहिल्या पावसाळ्यात मी ओला टप तसाच घडी करून ठेवला. चार दिवसांनी उघडला तर न वाळलेल्या गोधडीचा वास, आणि आतल्या बाजूला तिळाएवढे काळे ठिपके. सौम्य साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं घासून ठिपके फिके झाले, गेले मात्र नाहीत. तेव्हा ओला टप कधीही मिटायचा नाही. पूर्ण ताणलेल्या स्थितीत, वाऱ्यावर, शक्यतो सावलीत वाळवायचा. कपड्यांची पावडर वापरली तर कापडाचं पाणी न शोषण्याचं अस्तर जातं. धुलाई केंद्रात दिली तर जोराच्या फवाऱ्याचं तोंड शिवणीवर धरू देऊ नका.

पारदर्शक खिडक्यांचं तर मी वाटोळंच केलं. आरसा पुसतो तशा कोरड्या वर्तमानपत्रानं पुसल्या! काचेला चालतं ते या प्लॅस्टिकला चालत नाही. धुळीचे कण घासले जाऊन बारीक ओरखड्यांचं जाळं झालं, आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्यात फुटून डोळ्यांत यायला लागले. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग जुन्या धुवट पंचाचं ओलं फडकं हलक्या हातानं फिरवायचं. घडी करताना खिडक्यांच्या मध्ये मी कन्येचं जुनं फ्लॅनेलचं दुपटं घालते. चेन अडकायला लागली तर तेल नको, ते धूळ धरतं. मेणबत्ती घासायची, आपण पेटीकोटाच्या नाहीतर उशीच्या अभ्र्याच्या चेनला करतो तशीच. जांभळाच्या झाडाखाली जून महिन्यात गाडी उभी करू नका. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी धुवा. आणि रंगपंचमीला, नाशिककरणींना सांगायला नकोच, रहाडीच्या आसपाससुद्धा गाडी नेऊ नका. तो रंग कपड्यावरून चार धुण्यांत जातो, टपावरून नाही. पुढे कंटाळून कापडाच्या जागी लोखंडी छप्पर बसवावंसं वाटलं तर आधी आर.टी.ओ.त विचारा. मूळ बांधणीत परस्पर केलेला बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

हे सगळं करून तुला मिळालं काय, असं मला ह्यांनीच एकदा विचारलं. तेव्हा मी काही बोलले नाही. ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते गेल्या वर्षी जूनमध्ये घडलं.

सासूबाईंचं माहेर अकोले तालुक्यातलं राजूर. मामंजी चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्या दवाखान्यापलीकडे घराबाहेर पडल्याच नव्हत्या. दुःख होतंच, पण दुसरंही एक कारण होतं, जे त्या कुणाला सांगत नसत. त्यांना गाडी लागते. बंद गाडी, थंड हवा, आत लटकवलेली ती सुगंधी बाटली, की घोटीच्या आतच उलट्या. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळ्यांना मात्र आतलं स्थिर आसन दिसतं, या भांडणात मेंदू गोंधळतो. पुढे बसावं, लांबचं पाहावं, मोकळी हवा असावी. हे ऐकून मी सासूबाईंकडे पाहिलं आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांच्या भावाचा फोन आला की काजवे आलेत. भंडारदऱ्याच्या रानात मे अखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे बसतात. लग्नानंतर सासूबाईंनी ते पाहिले नव्हते. म्हणजे एकोणपन्नास वर्षं. ह्यांची नेमकी दुसरी पाळी होती. मी म्हटलं, "आई, मी नेते." मी गाडी चालवायला शिकले वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि नाशिकबाहेर एकटीनं कधी नेली नव्हती.

गाडी उंच. चढायचं कसं हा प्रश्न. मी जेवणाचा लाकडी पाट खाली ठेवला. सासूबाई नऊवारी नेसतात. एक पाय पाटावर, हात दांडीला, दुसरा पाय आत, झालं! पाचवारीत मला याच कामाला दोन प्रयत्न लागतात. पाट मागे कन्येशेजारी ठेवला आणि चार वाजता ऊन कलल्यावर निघालो. हमरस्त्यावर टप लावूनच होता. घोटीला डावीकडे वळल्यावर मी गाडी बाजूला घेतली, पुढच्या दोन कळा सोडल्या, खिडक्यांच्या चेन काढल्या, टप मागे ढकलला. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "आगं, समदे बघत्यात." खरंच एक बैलगाडीवाला पाहत होता. मला आजोबा आवळायचे ते बंद आठवले. "बघू द्या की, आई," मी म्हटलं, तेही फार धीटपणे नव्हे.

बारीपर्यंत त्या गप्प होत्या. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, मळमळतंय का? समोर कळसूबाई आली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, मी वर्गात शिकवते. सासूबाईंनी एक हात पदरावरून काढला आणि बोट दाखवलं. "त्या सोंडेवर आम्ही करवंदांना जायचो." मग दुसरा हात सुटला. पदर त्यांनी कमरेला खोचला, मला जे सांगायचं होतं ते न सांगताच. मग बोलणं थांबेना. ही विहीर, तो पाटलाचा आंबा, इथं शाळा होती, इथे बहिणीला विंचू चावला. राजूरच्या बाजारात गाडी हळू झाली तेव्हा पेढ्यांच्या दुकानासमोरून एक म्हातारी काठी टेकत थेट गाडीपाशी आली आणि त्यांचं माहेरचं नाव घेऊन हाक मारली. ते नाव आमच्या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं. मागे चार गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि या दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या, म्हणजे एक उभी आणि एक बसलेली.

रात्री भावाच्या मुलाला वाटाड्या म्हणून दुचाकीवर पुढे घातलं आणि रानाकडे गेलो. रस्त्याकडेला थांबून दिवे बंद केले. (काजव्यांपाशी गाडीचे दिवे, विजेऱ्या, भोंगे काही नको. त्यांचा उजेड हीच त्यांची बोली, आपल्या उजेडात ती विझते.) डोळे अंधाराला सरावले आणि समोरचं झाड एकदम लागलं, विझलं, पुन्हा लागलं. मग शेजारचं. उतरायची गरजच नव्हती. मान मागे टेकली की फांद्या थेट डोक्यावर. कन्या कुजबुजत मोजत होती, मग तिनं मोजणं सोडलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या नाकातल्या खड्यावर मधूनच हिरवट चमक यायची, तेवढीच मला दिसत होती.

आणि पाऊस आला. थेंब नव्हेच, वळवाचा सरळ लोट. टप लावायला मला एरवी पाच मिनिटं लागतात, दोघं असलो तर तीन. अंधार, हात ओले, आणि मागचा सांगाडा कुठेतरी अडकला. मला रडूच फुटायच्या बेतात होतं. परक्या रानात, म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला घेऊन, ह्यांना न जुमानता घेतलेल्या गाडीत! तेवढ्यात सासूबाई आसनावर गुडघे टेकून वळल्या, हात वर करून कमान धरली आणि म्हणाल्या, "तू मागून लोट, मी हितून वढते. कांद्याच्या चाळीवर कागद वढल्याला हाय म्या." कमान सुटली. डावीकडची कळ त्यांनीच दाबली. खट् असा आवाज आला आणि पाऊस बाहेर राहिला. आत आम्ही तिघी निथळत होतो आणि कन्येला हसू आवरत नव्हतं.

रात्री राजूरलाच राहिलो. सकाळी भावाच्या अंगणात टप ताणून वाळवला, आसनं फडक्यांनी टिपली, पेढ्यांचा खोका तेवढा लगदा झाला होता. परतताना पूर्ण वाटेत त्यांना एकदाही मळमळलं नाही. घरी आल्यावर ह्यांना काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तर सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, चष्मा लावला आणि जूनचं पान धरून विचारलं, "अवस कवाची हाय गं? काळोखात लई दिसत्यात म्हने."